कोटेशनमधली 'आरटीओ' नावाची ओळ

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या एका शोरूममधून आणलेले गाडीचे कोटेशन मी अजून जपून ठेवले आहे. कागद एकच आणि त्यावर जेमतेम सात ओळी. पण गाडीच्या किमतीखालोखाल सर्वांत मोठा आकडा ज्या ओळीत होता, तिच्यासमोर 'आरटीओ' या एका शब्दापलीकडे काहीही लिहिलेले नव्हते. मी सेल्समनला त्या रकमेची फोड विचारली, तेव्हा त्याने अतिशय नम्रपणे सांगितले, "साहेब, ते सरकारी असतं, त्यात आमच्या हातात काही नसतं." सरकारी म्हटले की माणूस पुढे विचारत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असावे. मीही त्या दिवशी विचारले नाही. घरी आल्यावर मात्र वहीत मांडणी करायला बसलो आणि लक्षात आले की, सरकारी असते म्हणूनच ही रक्कम शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी घरबसल्या जवळजवळ रुपयापर्यंत काढता येते.

आमची गाडी चार मीटरच्या आतली आणि बाराशे सीसीच्या आतल्या पेट्रोल इंजिनाची होती. त्या कोटेशनमध्ये तिची एक्स-शोरूम किंमत १०,२७,६०० रुपये होती. या किमतीत जीएसटी आधीच मिसळलेला असतो, ही हिशेबाची पहिली पायरी. एक्स-शोरूम किंमत म्हणजे कंपनीची आणि विक्रेत्याची किंमत अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तेव्हा या गटातल्या गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का भरपाई उपकर, असा २९ टक्के कर त्या आकड्याच्या पोटात होता. महाराष्ट्रातला वाहनकर या सगळ्यासह होणाऱ्या किमतीवर आकारला जातो, म्हणजे केंद्राच्या आणि राज्याच्या जीएसटीवर पुन्हा राज्याचा वाहनकर बसतो. हे न्याय्य आहे की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. पण अंदाज बांधणाऱ्याला न्यायापेक्षा नियम कळणे अधिक उपयोगाचे.

वाहनकराचा मूळ कायदा १९५८ चा आहे. खासगी मोटारीवर आपल्याकडे हा कर नोंदणीच्या वेळी एकरकमी भरावा लागतो. त्याचा दर दोन गोष्टींवर ठरतो, इंधन आणि किंमत. व्यक्तीच्या नावावर घेतलेल्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के आणि वीस लाखांच्या पुढे १३ टक्के. डिझेलला याच टप्प्यांवर अनुक्रमे १३, १४ आणि १५ टक्के. सीएनजीचे दर पूर्वी ७, ८ आणि ९ टक्के होते, ते २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर १ जुलैपासून एकेक टक्क्याने वाढले. त्याच दिवसापासून एका गाडीवरच्या वाहनकराची कमाल मर्यादा वीस लाखांवरून तीस लाख रुपये झाली, पण कराचीच रक्कम वीस लाखांवर जाईल अशी गाडी घेणाऱ्यांनी हा लेख वाचण्याची शक्यता कमी आहे. या करावर २ टक्के रस्ता सुरक्षा उपकर असतो. हे २ टक्के कराच्या रकमेवर असतात, गाडीच्या किमतीवर नव्हे; माझी पहिली चूक इथेच झाली होती आणि अंदाज एकदम अठरा हजारांनी फुगला होता.

या टप्प्यांबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण आयकराच्या टप्प्यांची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. आयकरात वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो. वाहनकरात तसे नाही; किंमत दहा लाखांची रेषा ओलांडून गेली की वाढलेला दर संपूर्ण किमतीला लागतो. ९,९९,००० रुपयांच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्क्यांनी १,०९,८९० रुपये कर होतो, तर १०,०१,००० रुपयांच्या गाडीवर १२ टक्क्यांनी १,२०,१२० रुपये. किमतीत फरक दोन हजारांचा आणि करात दहा हजारांहून अधिक. शिवाय दहा लाखांच्या वरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापतो, तोही वरच्या एक हजारावर नव्हे तर पूर्ण रकमेवर, म्हणजे आणखी १०,०१० रुपये. एखाद्या व्हेरिएंटची किंमत दहा लाखांच्या आसपास घुटमळत असेल, तर सनरूफ किंवा मोठा स्क्रीन घेण्याआधी ती रेषा कुठे आहे हे पाहून ठेवावे. कारण त्या सनरूफची खरी किंमत माहितीपत्रकात छापलेली नसते.

टीसीएस हा शब्द कोटेशनमध्ये पाहून आमच्या घरी आणखी एक कर म्हणून निःश्वास टाकला गेला. वास्तविक तो गाडीवरचा कर नाहीच. २०१६ च्या जूनपासून दहा लाखांवरच्या गाड्यांवर तो घेतला जातो आणि तो तुमच्या पॅनवर जमा होतो. विवरणपत्र भरताना तो आपल्या आयकरातून वळता होतो किंवा परतावा म्हणून मिळतो. तेव्हा खर्चात तो धरू नये. पण गाडी घेताना खात्यातून जाणाऱ्या पैशात मात्र धरावाच लागतो, कारण शोरूमला तो त्याच दिवशी हवा असतो. अंदाजाच्या कागदावर म्हणून मी दोन रकाने केले होते, एक 'गेले ते गेले' आणि दुसरा 'सध्यापुरते'.

आमच्या बाबतीत मग योग असा आला की, १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटीत बदल होणार असल्याचे सांगितले. आम्ही बुकिंग पुढे ढकलले. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा कर २९ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. (लहान म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत, आणि इंजिन पेट्रोलचे बाराशे किंवा डिझेलचे पंधराशे सीसीपर्यंत, याहून मोठ्या गाड्यांवर उपकर जाऊन सरसकट ४० टक्के आले.) आमच्या गाडीची एक्स-शोरूम किंमत १०,२७,६०० वरून सुमारे ९,४०,००० रुपयांवर आली. वर्तमानपत्रांत सगळीकडे हाच फरक छापून येत होता; पण या उतारात गाडी दहा लाखांच्या रेषेखाली घसरली होती, आणि त्याचा जो परिणाम झाला तो मला वहीतच दिसला. आधी १२ टक्क्यांनी १,२३,३१२ रुपये वाहनकर बसत होता, तो आता ११ टक्क्यांनी १,०३,४०० रुपये झाला. रस्ता सुरक्षा उपकर २,४६६ वरून २,०६८ वर आला आणि १०,२७६ रुपयांचा टीसीएस नाहीसा झाला. जीएसटीतली बचत ८७,६०० रुपयांची, पण राज्याच्या करासह ती १,०७,९१० रुपयांपर्यंत गेली. राज्याने आपले दर न बदलताही राज्याच्या करात वीस हजारांची सूट मिळाली होती, त्यातली जवळजवळ निम्मी केवळ एका टप्प्याच्या कृपेने.

कराच्या मानाने नोंदणीचे शुल्क अगदीच किरकोळ आहे. केंद्राच्या नियमांप्रमाणे खासगी हलक्या मोटारीच्या नोंदणीला ६०० रुपये लागतात, कर्ज असेल तर बँकेचा बोजा आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) चढवण्यासाठी १,५०० रुपये आणि स्मार्ट कार्डाचे २००. शिवाय आरसी घरी येण्यासाठी टपालाचे थोडे पैसे. आमच्या गाडीचा हिशेब असा झाला: १,०३,४०० अधिक २,०६८ अधिक २,३००, म्हणजे १,०७,७६८ रुपये आणि टपाल. सप्टेंबरअखेर मिळालेल्या नव्या कोटेशनमध्ये 'आरटीओ'समोर १,१८,५०० रुपये होते.

या पावणेअकरा हजारांचे स्पष्टीकरण मागितल्यावर त्या शोरूममध्ये तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळी उत्तरे दिली. एकाने नंबर प्लेटचा खर्च सांगितला, दुसऱ्याने एजंटचा, तिसऱ्याने 'राउंड फिगर' असे म्हणून हसून घेतले. मी वाद घातला नाही. नोंदणी झाल्यावर सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीतून निघणाऱ्या पावतीवर प्रत्येक बाब स्वतंत्र ओळीत छापलेली असते. त्या पावतीवर जेवढे असेल तेवढे मी देईन आणि वरचे काही असल्यास त्याचे वेगळे बिल द्यावे, एवढेच लिहून मेल केली. दोन दिवसांनी सुधारित कोटेशन आले, त्यात आरटीओची रक्कम माझ्या आकड्याच्या पन्नास-साठ रुपयांच्या अंतरात होती. 'हँडलिंग चार्जेस' म्हणून ५,५०० रुपयांची जी वेगळी ओळ होती, तीही न मागता गळून गेली. ही ओळ कोणत्याही सरकारी पावतीवर कधीच येत नाही, कारण ती सरकारची नसतेच. यार्डातून शोरूमपर्यंत गाडी आणणे हे विकणाऱ्याचेच काम आहे.

विमा हा कर नव्हे, पण कोटेशनमध्ये तो करांच्या रांगेत इतक्या साळसूदपणे बसलेला असतो की, तोही सरकारी दराने येतो असे वाटावे. त्यातला एकच भाग तसा असतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा) एकदम घ्यावा लागतो. त्याचा दर सर्व कंपन्यांना सारखाच आहे. २०२२ मध्ये ठरलेल्या दराने हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला १०,६४० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १२,५५५ रुपये. हजार सीसीच्या आत हाच आकडा ६,५२१ आहे आणि दीड हजाराच्या वर २४,५९६, जीएसटी वेगळा. उरलेला, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र ज्याचा त्याचा दर, आणि घासाघीस इथेच होते. नव्या गाडीची विमाकिंमत, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर मिळणारी रक्कम, साधारणपणे एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरली जाते. आमची ८,९३,००० होती. शोरूमने ४६,८०० रुपये सांगितले होते. त्याच विमाकिमतीवर, तीच झीरो डेप्रिसिएशनची (भरपाईतून घसारा न कापण्याची) सोय धरून मी बाहेरून दर काढला तो ३५,४०० रुपये निघाला. विमा कुठून घ्यायचा हे ग्राहकाने ठरवायचे असते आणि आपल्याकडूनच घेण्याची सक्ती शोरूमला करता येत नाही. मात्र तुलना करताना विमाकिंमत तीच आहे ना, हे पाहावे. ती लाखभराने खाली ओढून स्वस्त दाखवलेला विमा चोरी किंवा मोठ्या अपघाताच्या दिवशी महाग पडतो.

आमच्याकडे पुष्कळांच्या तोंडी एक ठोकताळा आहे की, एक्स-शोरूममध्ये पंधरा टक्के मिळवले की ऑन-रोड किंमत येते. आमच्या गाडीपुरता तो खरा ठरला. कर आणि शुल्काचे १,०७,७६८, विम्याचे ३५,४०० आणि फास्टॅगचे ५०० मिळून वरचा खर्च १५.३ टक्के झाला. परंतु हा ठोकताळा दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरून पडलेला आहे आणि इंधन बदलले की तो कोलमडतो. त्याच गाडीचे सीएनजी मॉडेल १०,३०,००० रुपयांना होते. ते दहा लाखांवर गेल्याने ९ टक्के दर लागतो, तरीही वाहनकर ९२,७०० रुपयेच होतो. नव्वद हजारांनी महाग असलेल्या गाडीवर कर पेट्रोलच्या गाडीपेक्षा दहा हजार सातशे रुपयांनी कमी. (टीसीएस १०,३०० रुपये कापला जाईल, पण तो दुसऱ्या रकान्यात.) सीएनजी आणि पेट्रोल यांच्यातला फरक किती किलोमीटरमध्ये भरून निघेल, याचे गणित सगळेच मांडतात, ते एक्स-शोरूमच्या नव्वद हजारांवर न मांडता ऑन-रोडच्या एकोणऐंशी हजारांवर मांडायला हवे. याउलट साडेदहा लाखांची डिझेल गाडी घेतली, तर १४ टक्क्यांनी १,४७,००० रुपये कर, आणि विम्यासह वरचा खर्च अठरा टक्क्यांपर्यंत जातो. विजेवरच्या गाडीचे तर सगळेच वेगळे. राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार तिला वाहनकर माफ आहे, नोंदणीचे शुल्क केंद्राने २०२१ मध्येच माफ केलेले आहे आणि जीएसटी ५ टक्केच आहे. चौदा लाखांच्या पेट्रोल गाडीवर उपकरासह १,७१,३६० रुपये भरावे लागतात, तिथे चौदा लाखांच्या इलेक्ट्रिक गाडीला टीसीएस सोडला तर विमा आणि स्मार्ट कार्डासारखी किरकोळ शुल्के एवढेच उरते. या दोन गाड्यांची तुलना एक्स-शोरूम किमतीवर करणे म्हणजे एकाचे वजन पोत्यासह आणि दुसऱ्याचे पोत्याशिवाय करण्यासारखे आहे.

नाव कोणाचे लावायचे, हाही प्रश्न कराचाच आहे. माझ्या एका मित्राची भोसरीत लहानशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. घसाऱ्याचा फायदा मिळेल म्हणून तो याच किमतीची गाडी कंपनीच्या नावावर घेणार होता. कंपनीच्या नावावरच्या गाडीला राज्यात २० टक्के वाहनकर आहे. ९,४०,००० वर तो १,८८,००० रुपये होतो, म्हणजे व्यक्तीच्या नावापेक्षा ८४,६०० रुपये जास्त. भरलेल्या जीएसटीची वजावट अशा प्रवासी मोटारीवर मिळतच नाही. त्याच्या चार्टर्ड अकाउंटंटने दोन्ही बाजू मांडून दाखवल्यावर गाडी त्याच्या स्वतःच्या नावावर आली.

माझा मेहुणा राष्ट्रीयीकृत बँकेत आहे आणि दर तीन वर्षांनी त्याचे राज्य बदलते. माझी वही पाहून तो म्हणाला, "दाजी, आम्हाला हे सगळं लागू नाही, आम्ही बीएचवाले." २०२१ च्या सप्टेंबरपासून आलेली ही 'बीएच', म्हणजे राज्य बदलले तरी न बदलणाऱ्या क्रमांकांची भारत मालिका, सरकारी आणि संरक्षण खात्यातले कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांतले कर्मचारी यांना घेता येते. तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तो जीएसटी वगळलेल्या बिलावर असतो. आमच्याच गाडीची जीएसटीविना किंमत ७,९६,६१० रुपये येते. दहा लाखांच्या आत ८ टक्के दर, म्हणजे ६३,७२९ रुपये. त्याचा पंधरावा भाग दुप्पट करून त्यावर २५ टक्के चढवले की दोन वर्षांचे १०,६२१ रुपये होतात. डिझेलला दर दोन टक्क्यांनी जास्त आणि इलेक्ट्रिकला दोन टक्क्यांनी कमी. गंमत अशी की, महाराष्ट्रात ज्या इलेक्ट्रिक गाडीला काहीच कर नाही, तिला बीएच क्रमांक घेतला तर कर लागतो. बदलीच्या नोकरीत नसलेल्याने केवळ हौसेपोटी तो घेऊ नये.

सिंधुदुर्गातले आमचे नातेवाईक कर वाचावा म्हणून गोव्यात गाडी नोंदवण्याचा विचार दर गाडीच्या वेळी करतात आणि दर वेळी सोडून देतात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ गाडी ठेवली की तिथला क्रमांक घेणे मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाने बंधनकारक आहे, आणि मग तिथला करही आलाच. राज्याच्या आत मात्र एमएच-१२ असो की एमएच-०७, वाहनकराचे दर एकच. पूर्वी मुंबईतली आणि बाहेरची किंमत जकातीमुळे वेगळी असायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर मुंबईतली जकातही गेली, तरी शहराबाहेर गाडी स्वस्त पडते असे सांगणारे अजून भेटतात.

माझ्या अंदाजात एक गोष्ट सुटली, ती पैशांची नसून दिवसांची होती. दिवाळी पाडव्याला गाडी घरी आणायची होती. नोंदणी होऊन क्रमांक पडल्याशिवाय गाडी शोरूमबाहेर काढता येत नाही, नोंदणीसाठी कर आधी भरावा लागतो, आणि करासाठी विम्याची पॉलिसी आणि बँकेचे कर्जमंजुरीचे कागद तयार लागतात. मी विमा बाहेरून घेतल्यामुळे चॅसी क्रमांक मिळाल्यावरच पॉलिसी काढता येणार होती आणि तो क्रमांक शोरूमने जरा रेंगाळतच दिला. बँकेला मी ऑन-रोड रक्कम सुधारित कोटेशनप्रमाणे कळवली होती, त्यामुळे निदान तिथे अडले नाही. पसंतीच्या क्रमांकाचा विषय घरात निघाला होता; २०२४ च्या दरवाढीनंतर पुण्यात ०००१ ला सहा लाख रुपये पडतात हे सांगितल्यावर जो मिळेल तो क्रमांक सर्वांना आवडू लागला.

२२ ऑक्टोबरला पाडव्याच्या सकाळी गाडी हातात आली, तेव्हा एकूण खर्च १०,८३,७०० रुपयांच्या आसपास झालेला होता. सप्टेंबरच्या कोटेशनमध्ये १४,००० रुपयांच्या ॲक्सेसरीजसह तो ११,२५,३०० होता. त्यातल्या पायपुसण्या आणि सीटकव्हर आम्ही नंतर नाना पेठेतून घेतली. 'वाहन'ची पावती मी वहीत त्याच पानावर चिकटवून ठेवली आहे. आरसीचे कार्ड टपालाने यायला पुढे बरेच दिवस लागले, पण त्याचा खर्च अंदाजात आधीच धरलेला होता.